मूठ आणि वाटाणा

दादांचा हात केवढा होता, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. दादांनी टाळी वाजवली की कारखान्याच्या पत्र्यावरून उडालेली कबुतरं संध्याकाळशिवाय परत यायची नाहीत. एखाद्या पाहुण्यानं हात मिळवायला हात पुढे केला की तो मनगटापर्यंत गडप व्हायचा. पाहुणा तोंडानं हसायचा, पण लक्ष सगळं आपली अंगठी परत येते की नाही याकडे. हा हात त्यांना वडिलांकडून आला होता. कारखानाही वडिलांकडूनच. धाकट्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या वाट्याला आईचे छोटे, नेमके हात आले होते, आणि डोकं कुणाचं आलं होतं ते घरात आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

कारखाना दात घासायच्या पांढऱ्या पावडरीचा. खडूची बारीक भुकटी, त्यात पुदिन्याचा अर्क, चवीपुरतं मीठ, झालं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो एका खोलीत नि एका पिंपावर सुरू केला, आणि जाताना मागे एक निळा पत्र्याचा डबा ठेवून गेले. डब्यात तीच खडूची भुकटी. नवं पिंप लागलं की सगळ्यांनी हातातलं काम ठेवून गोल उभं राहायचं, दादांनी निळ्या डब्यातून एक मूठ भरून पिंपात सोडायची, धुरळा खाली बसेपर्यंत कुणी खोकायचं नाही, आणि मग मशीन चालू. डबा तळाला गेला की वरून पुन्हा भरायचा, त्यामुळे अण्णांची भुकटी कधी संपलीच नाही. याला म्हणायचं अण्णांची मूठ. ती घातल्याशिवाय मशीन फिरवलं तर पट्टा तुटतो, अशी सगळ्यांची खात्री. तसा पट्टा मूठ घालूनही तुटायचा, पण तो मग पट्ट्याचा दोष.

तर अशा या घरात दादांची नात जन्मली, चिंगी. बालवाडीत जायला लागली तोवर तिचे पुढचे चार दात काळे पडून खुंटाएवढे उरले होते. घरात पोत्यांनी दंतमंजन, आणि पोर हसताना ओठ मिटून हसायची. बालवाडीच्या बाईंनी एकदा दादांना दारातच विचारलं, तुमचा तर दातांचाच धंदा ना? दादा तिथून जे निघाले ते कारखान्यात येईपर्यंत मिठाईवाल्याला, चॉकलेटवाल्याला, चिंगीच्या आईला आणि दातांना, सगळ्यांना एका दमात शिव्या घालत आले.

ताईनं शिव्या घातल्या नाहीत. कारखान्यातली दोन टेबलांची प्रयोगशाळा तिच्या ताब्यात होती, आणि रसायनशास्त्र ती शिकली होती ते काही लग्नाच्या पत्रिकेत छापायला नाही. तिनं दादांना समोर बसवून सांगितलं, की दात नुसता चकचकीत घासून भागत नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताचं कवच विरघळत जातं. फ्लोराइड त्या कवचात जाऊन ठाण मांडतं, मग आम्लाची डाळ तितकीशी शिजत नाही. मुलांसाठी फ्लोराइडची टूथपेस्ट करायची.

दादांना पटलं. दादांना एखादी गोष्ट पटली की भीतीच वाटायची. ते म्हणाले, मग घाल की चांगलं ओंजळभर. ताईनं कपाळाला हात लावला. हजार भागांत एक भाग, एवढंच घालायचं. त्याहून फारच कमी घातलं तर पोरं नुसती गोड फेसानं खेळतील आणि दात किडायचे ते किडतील. आणि लहानपणी रोज भरपूर गिळलं गेलं, तर आत तयार होणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे डाग उमटतील. म्हणून ब्रशवर पेस्ट किती, तर वाटाण्याएवढी. अगदी तान्ह्या पोराला तर तांदळाच्या दाण्याएवढीच.

वाटाणा हा शब्द दादांनी मनावर घेतला. ते रोज सकाळी बाजारातली पेस्टची नळी घेऊन रिकाम्या ब्रशवर वाटाणा काढायचा सराव करू लागले. पहिल्या दिवशी मुळा निघाला. दुसऱ्या दिवशी नळीच फाटली आणि समोरच्या भिंतीला पुदिन्याचा वास लागला, तो अजून आहे म्हणतात. पण महिनाभरात त्या पंजातून असा गोल, एकटा, लाजरा वाटाणा उतरू लागला की बघायला पलीकडच्या दुकानातली माणसं यायची.

इकडे ताईनं आपल्या घरच्या ओट्यावर चवीपासून सुरुवात केली. पहिली चव इतकी फर्मास जमली की रखवालदार जेवणानंतर दात घासायचा तो जेवणाऐवजी घासू लागला. मुंग्यांनी खिडकीपासून ओट्यापर्यंत पक्का रस्ता बांधला. चिंगी तर टेबलाखाली बसून अख्खी नळी चाटून पुसून मोकळी झाली. नशीब, नुसती चवच पाहायची म्हणून त्यात फ्लोराइड अजून पडलं नव्हतं. तेव्हा ताईच्या लक्षात आलं की चव अशी हवी, जी तोंडात घ्यावीशी वाटेल पण पोटात न्यावीशी वाटणार नाही. असली चव शोधणं म्हणजे ज्याचं गाणं आवडतं पण ज्याला घरी ठेवून घ्यावंसं वाटत नाही असा पाहुणा शोधण्यापैकी होतं. सापडली अखेर. आणि मग खडूऐवजी तिनं सिलिका घेतली, वाळूच्याच कुळातली पण पिठासारखी मऊ, त्यात मोजून फ्लोराइड घातलं, आणि अंडं आणलं.

अंड्याचं कवच काही दात नव्हे, पण आम्लात तेही विरघळतं, आणि ते डोळ्यांना दिसतं. ताईनं अंड्यावर मधोमध पेन्सिलनं रेघ मारली, एका अर्ध्यावर पेस्ट फासून दिवसभर ठेवली, धुतली, आणि अंडं व्हिनेगरमध्ये सोडलं. उघड्या बाजूला बुडबुड्यांची ही गर्दी उसळली. पेस्टच्या बाजूला कुठं एखादा चुकार बुडबुडा. ताई ओट्यापाशी एकटीच होती, तरी तिनं गोल फिरून कुणाला तरी सांगायला तोंड उघडलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं फोन उचलला, आणि दादांनी पलीकडून टाळी वाजवल्याचं तिला फोनशिवायही ऐकू आलं.

पण दादा झाले तरी कारखानदार. त्यांनी एक अट घातली. गावातल्या सगळ्या बालवाड्यांत पोरांना जेवल्यावर दात घासायला लावायचं ठरत होतं, आणि कोणती पेस्ट द्यायची ते मुलांच्या दातांची डॉक्टरीण ठरवणार होती. तिनं हो म्हटलं तर नळ्या भरायचं नवं मशीन आणू. नाही म्हटलं तर पेस्टच्या पिंपात भांडी घासायची पावडर करू, आणि हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. ताई म्हणाली, कबूल. ती एकदा कबूल म्हणाली की मोडत नसे, हे दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या आणि पक्क्या होत्या. फ्लोराइड किती आणि कसं, ते बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून घेणारच, म्हणाल्या, पण आधी बालवाडीच्या बाईंच्या डोळ्यांदेखत अंडं दाखवा. आणि अंड्याला पेस्ट लावायची ती घरातल्या बरणीतली नाही. पोरांच्या तोंडात जाणार ती कारखान्याच्या पिंपातली, तीच.

पिंप लागलं. सगळे गोल उभे राहिले, मशीन फिरलं, पट्टा तुटला नाही. पेस्ट तीन आठवडे मुरू दिली. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी ताईनं त्यातली पेस्ट अंड्याच्या अर्ध्या भागाला स्वतःच्या हातानं फासली.

ठरलेल्या दिवशी सकाळी कारखान्यात लगीनघाई होती. दादांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. पलीकडे पावडरीचं नवं पिंप लागलं होतं, त्याची मूठ सोडून ते तसेच हात न धुता धावत आले आणि गडद निळ्या कोटातल्या डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर आनंदानं अशी थाप मारली की त्यांचा चष्मा बालवाडीच्या बाईंनी झेलला. टेबलावर मोठी काचेची बरणी, तीत व्हिनेगर, भोवती कामगारांची दाटी. चिंगीला दादांनी खांद्यावर घेतलं होतं. कुस्तीच्या फडात बसावं तसे दादा सांगू लागले, हे पाहा डावीकडे उघडी बाजू, उजवीकडे आमची ताई, आता बघा कोण कुणाला चीत करतं.

ताईनं अंडं सोडलं. डावीकडे बुडबुडे उसळले. दादांनी आरोळी ठोकली. मग उजवीकडेही बुडबुडे उसळले, तसेच, तितकेच. अंडं बरणीत गरागरा फिरू लागलं आणि पेन्सिलची रेघ नसती तर कोणती बाजू कुठली ते कुणाला सांगता आलं नसतं.

"आजोबा, आत्याआजी दोन्हीकडून चीत झाली," चिंगी वरून म्हणाली.

दादा म्हणाले, थांबा, अंडं घाबरलंय. अंडं काही सावरलं नाही. डॉक्टरीणबाई बरणीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या, मग सरळ झाल्या आणि ताईकडे वळून हळूच म्हणाल्या, "ताई, यात फ्लोराइड असेलही. पण ते कामावर आलेलं नाही."

ताईनं मिश्रण करणाऱ्या काकांना बोलावून काय काय घातलं ते सगळ्यांसमोर विचारलं. काकांनी घडाघडा सांगितलं. सिलिका, ग्लिसरीन, पाणी, घट्ट करायचा डिंक, गोडवा, वास, फेस, फ्लोराइड. आणखी काय? आणखी काही नाही, ताई. पोरांच्या शपथेवर सांगतो. काका खोटं बोलत नव्हते आणि ते ताईला दिसत होतं. मग माप चुकलं? मापं तिनं स्वतः घातली होती. मग ओट्यावरच्या पेस्टला जमलं ते पिंपातलीला का जमू नये? भांड्यांच्या पावडरीची गोणी तिला डोळ्यांपुढे दिसायला लागली. एका कामगारानं तर पिंपाकडे बघून सुस्कारा टाकला, तो अगदी गोणीच्याच आकाराचा होता.

डॉक्टरीणबाईंनी पर्स उचलली. बालवाडीच्या बाई चिंगीच्या गालाला हात लावून निघाल्या. डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या, आणि ताईला त्यांची पाठ दिसली. गडद निळ्या कोटावर मानेपासून कमरेपर्यंत एक पांढराशुभ्र पंजा. पाच बोटं, आणि तळव्यावरच्या रेषासुद्धा. खडू.

ताई टेबलाला वळसा घालून जी धावली ती बाईंच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. अंड्यावरची पेस्ट माझी नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. उद्या सकाळी मी याच रस्त्यानं जाते, म्हणाल्या, पाच मिनिटं थांबेन. पण उद्याच. आणि पाठीवर एवढा मोठा हात घेऊन त्या गेल्या. रस्त्यावरची माणसं त्यांना वाट करून देत होती असं म्हणतात.

ताईनं दादांना प्रयोगशाळेत नेलं आणि दार लावून घेतलं.

"दादा, मूठ."

"कसली मूठ?"

"अण्णांची. ती खडूची असते."

"मग कशाची असणार, चिमणे? मोत्यांची?"

ताईचं आता कोडं सुटलेल्या माणसाला बोलायला तोंड पुरत नाही तसं झालं होतं. तिनं घेतलेलं फ्लोराइड खडूला भेटलं की त्याच्याशीच संसार थाटतं. एकदम नाही, हळूहळू, पण तीन आठवडे एका पिंपात राहिल्यावर काय होणार? मग ते पेस्टमध्ये असतं, तपासणीत एकूण मोजलं तर सापडतंही, पण दातापर्यंत यायला मोकळं नसतं. खडूशी अंतर राखून वागणारं दुसऱ्या जातीचं फ्लोराइड असतं, पण तिनं ते घेतलं नव्हतं. म्हणून तर तिनं आधीच खडू काढून सिलिका घेतली होती. आणि पिंपही पहिलंच म्हणून लहान लावलेलं, मूठ मात्र दादांची. दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित निभावलं असतं.

दादा गप्प बसले. ते इतके गप्प बसले की भरदुपारी पत्र्यावर कबुतरं परत आली.

"म्हणजे अण्णांनी चिंगीची पेस्ट नासवली," शेवटी ते म्हणाले. "असंच ना?"

"अण्णांनी नाही. आणि तू एकट्यानंही नाही. तू मूठ सोडलीस तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, दादा. खडू फ्लोराइडला धरून ठेवतो हे मला झोपेतही सांगता येतं. पण ती मूठ माझ्या डोळ्यांना खडू दिसलीच नाही. मी खोकलेसुद्धा नाही."

काकांनाही ती दिसली नव्हती. साहित्य सांगताना आपण श्वास घेतला हे कुणी सांगत नाही, तसंच ते.

दादांनी आपला हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे कुणी दुसऱ्याचाच ठेवून गेल्यासारखं पाहिलं. मग म्हणाले, मला हे अंड्याच्या तोंडून ऐकायचंय. तीन अंडी आण. एक उघडं. एकाला पिंपातली पेस्ट. एकाला तुझ्या घरातल्या बरणीतली, जिला माझा हात लागला नाही. आणि फासणार मी, म्हणजे तू बहीण म्हणून उजवं-डावं केलंस असं अण्णांनाही म्हणता यायचं नाही. मग साबणानं धुतलेल्या त्या पंजानं त्यांनी तीन अंडी अशी उचलली की काकांनी डोळे मिटले. एकही फुटलं नाही. वाटाण्याचा सराव कामी आला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई दुसरा कोट घालून, पाठ भिंतीला लावून उभ्या राहिल्या. टेबलावर तीन बरण्या. आज दादा कुस्ती सांगत नव्हते. ताईनं पहिलं अंडं सोडलं, बुडबुडे. दुसरं, पिंपातलं, बुडबुडे. तिसरं सोडताना तिची बोटं व्हिनेगरमध्ये बुडाली तरी तिला कळलं नाही.

तिसरं अंडं बरणीत अलगद बसलं. एक बुडबुडा आला, इकडेतिकडे बघून वर गेला. मग थोड्या वेळानं दुसरा. शेजारच्या दोन बरण्यांत उकळी फुटल्यासारखा कल्लोळ, आणि हे आपलं दुपारी झोपाळ्यावर टेकलेल्या सासऱ्यासारखं शांत. कारखान्यात आधी कुणी ओरडलं ते नक्की सांगता येत नाही, पण रखवालदार फाटकावरून आत आला आणि फाटक तसंच उघडं राहिलं. चिंगी खांद्यावर इतकी उसळली की दादांना तिला पायांना धरावं लागलं. बालवाडीच्या बाई तिसऱ्या बरणीतलं अंडं सगळ्या पालकांना दाखवायला मागत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांऐवजी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, नवं पिंप लावा. मोकळं फ्लोराइड किती उरतं ते मी ताज्या पेस्टचंही तपासणार आणि मुरलेल्या पेस्टचंही. ते टिकलं तर बालवाड्या तुमच्या. आणि नळीवर वाटाण्याचं चित्र हवं, खऱ्या मापाचं. दादा म्हणाले, वाटाणा मी काढून दाखवतो. ताईनं त्यांच्या हातातली नळी हळूच काढून घेतली.

नवं पिंप आत्ताच लावायचं, असं दादांनी ठरवलं, कारण उद्यापर्यंत थांबायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सिलिका आली, ग्लिसरीन आलं, ताईनं फ्लोराइड मोजून घातलं. आणि मग कुणी न सांगता सगळे कामगार पिंपाभोवती गोल उभे राहिले. इतक्या वर्षांचे पाय, ते आपोआप गेले. काकांनी सवयीनं निळा डबा आणून दादांपुढे धरला आणि धरल्यावर त्यांचा चेहरा पडला. आता डबा पुढेही करता येईना आणि मागेही घेता येईना.

दादांना काल पटलं होतं, आज अंड्यानं सांगितलं होतं, पण हा डबा अण्णांचा होता, आणि सगळा कारखाना बघत होता.

दादांनी डब्यात हात घातला. हात आत असताना त्यांनी ताईकडे पाहिलं, मग वर खांद्यावर बसलेल्या चिंगीकडे. मूठ बाहेर आली, घट्ट मिटलेली, नेहमीसारखीच भलीमोठी. ती पिंपावर नेऊन त्यांनी थोडी थांबवली, अण्णा थांबवायचे तशी, आणि उघडली.

मूठ रिकामी होती.

धुरळा नव्हताच, तरी तो खाली बसेपर्यंत कुणी खोकलं नाही. मग दादांनी तो हात शर्टाला पुसला आणि म्हणाले, "लाव रे मशीन."